पट्टा हातात, ठिणगी बोटात

आमच्या समोरच्या दारातल्या बाईंना सगळी इमारत कानवाल्या वहिनी म्हणते. कान त्यांचे इतरांसारखेच आहेत, आणि माझ्या घरातलं भांडण त्यांना दोन बंद दारांपलीकडून शब्दन् शब्द ऐकू जातं, हे मी स्वानुभवाने सांगतो. त्या श्रवणयंत्रं दुरुस्त करतात. शहरातल्या कानांच्या दवाखान्यातून दर आठवड्याला त्यांच्याकडे एक खोकं येतं. त्यात शेंगदाण्याएवढी सहा-सात यंत्रं असतात. कुणाचं शिट्टी मारतं, कुणाचं मुकं झालेलं असतं. वहिनी भिंगाच्या दिव्याखाली चिमटा घेऊन बसतात, जुनी चिप काढतात, नवी लावतात, आणि कुणाच्या तरी आजोबांना सुनेचं बोलणं पुन्हा ऐकायला लागतं. आजोबांना ते हवं असतं की नाही, हा वेगळा प्रश्न.

अठरा वर्षं हे काम चाललं आणि एकही यंत्र माघारी आलं नाही. त्या थंडीत मात्र तीन आली. तीनही महिन्याभराच्या आत, तीनही ठार.

तिसरं आलं त्या दिवशी दवाखान्यातल्या तपासनिसाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. मी बहुतेक वेळा तिथेच असतो. वहिनींनी फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला, कारण हातात चिमटा होता.

"बाई, चिप जळल्यात. आतून. तुमच्याकडे काहीतरी गडबड आहे."

"माझ्याकडे गडबड? अठरा वर्षांनी?"

"ही नवी सहा यंत्रं पाठवलीत ना, त्यातलं एक जरी परत आलं, तर मला दुसरीकडे बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका असं म्हणणारा माणूस ते वाटण्याची सगळी सोय आधी करून ठेवतो. वहिनींनी फोन बंद केला आणि चिमटा इतक्या हळू खाली ठेवला, की त्यापेक्षा आपटला असता तर बरं वाटलं असतं.

आता इथे वहिनींच्या यजमानांना आणायला हवं, कारण ते येणारच होते. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, शिकवण्यातून झाले नाहीत. विज्ञान शिकवायचे. आतल्या खोलीतून स्वेटर काढत काढत बाहेर आले, तेव्हा स्वेटर चटचट वाजत होता आणि डोक्यावरचे उरलेसुरले केस सरळ छताकडे बघत होते.

"अगं, हेच ते," मास्तर खुशीत म्हणाले. "स्थिर विद्युत. बघ माझ्याकडे."

"बघतेय. झटका खाल्लेल्या उंदरासारखे दिसताय."

"चिप याच्यानेच मेल्यात. दोन वस्तू एकमेकींना घासल्या, नाहीतर नुसत्या चिकटून सुटल्या, की एकीचे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. स्वेटर काढला, केस विंचरले, गालिच्यावरून पाय घासत चाललं, प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठलं, की भार जमला अंगावर. हवा दमट असली तर गुपचूप निघून जातो. कोरडी असली की बसून राहतो, आणि धातूला बोट लागलं की उडी मारतो. आणि ऐक, आपल्याला चटका लागतो तो दोन-तीन हजार व्होल्टच्या पुढे. चिप शंभरातही मरते. तुला कळणारसुद्धा नाही, आणि ती गेलेली असेल."

"हे मला शिकवताय? हा कशाला बांधलाय मग?" वहिनींनी डावा हात वर केला.

त्यांच्या मनगटावर पट्टा असतो. त्याला टेलिफोनसारखी गुंडाळीची वायर, वायर खिडकीतून बाहेर, आणि बाहेर भिंतीवरून जाणाऱ्या पावसाळी पाण्याच्या पाइपाला एक धातूची पट्टी आवळलेली, तिच्या स्क्रूला ती वायर. पाइप गच्चीपासून थेट जमिनीत गाडलेला. अंगावर जे काही जमेल ते पट्ट्यातून, वायरीतून, पाइपातून जमिनीत. अठरा वर्षं हीच व्यवस्था.

"पट्टा आहे तर मग प्रश्नच नाही," मास्तर म्हणाले आणि थोडे हिरमुसले.

"प्रश्न नाही म्हणे. तीन मेल्यात."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात जे सुरू झालं त्याला मी छळ म्हणेन. वहिनींनी गालिचा गुंडाळून माझ्या घरात आणून टाकला. प्लास्टिकची खुर्ची गेली, लाकडी स्टूल आलं, आणि त्यावर बसून त्यांची पाठ धरली. अंगात फक्त सुती कपडे, तेही थंडीत. खोलीभर ओले टॉवेल टांगले, हवा दमट राहावी म्हणून. दर दोन तासांनी ते पुन्हा भिजवायचे. मास्तरांना घरात केस विंचरायची बंदी, आणि स्वेटर काढायचा तर बाहेर जिन्यात. मी सकाळी दूध घ्यायला दार उघडायचो तर समोर मास्तर हात वर करून स्वेटरात अडकलेले.

"मास्तर, शिक्षा कुणी केली?"

"हसू नका हो. डोकं तेवढं सोडवा."

मी सोडवलं. मला चटका बसला. मास्तर म्हणाले, "बघा, सिद्ध झालं." माझं बोट दुखलं त्याचं त्यांना काही नाही.

इमारतीत गंमत सुरू झाली, आणि ती वाढवण्यात माझा हात होता हे मी नाकारत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू वहिनींच्या दाराची कडी ओढणीने धरून वाजवायच्या. मी सगळ्यांना सांगितलं होतं की त्या घरात आता दिवे लावायला बटण लागत नाही, मास्तरांनी टाळी वाजवली की पुरतं. वहिनींच्या कानावर ते गेलं. त्यांचे कान चांगले आहेत हे मी वर सांगितलंच.

"भावजी," त्या मला म्हणाल्या, "तुम्ही हसा. माझी सहातली चार झालीत, आणि प्रत्येकाला हात लावताना माझा जीव खालीवर होतो. अठरा वर्षांत मी कधी श्वास रोखून काम केलं नव्हतं."

टाळीचा विनोद मी त्या दिवशी मागे घेतला. क्वचित होतं तसं.

पाचवं यंत्र त्यांच्या टेबलावरच गेलं. चिप लावली, कथलाचा डाग दिला, तपासायच्या पेटीला जोडलं, आवाज नाही. दुसरी चिप लावली. तीही नाही. वहिनींनी पट्टा अजून एक भोक घट्ट केला, इतका की मनगटावर वळ उठला.

"अजून काय करू?" त्या म्हणाल्या. "सांगा ना, मास्तर आहात ना. टॉवेल लावले, गालिचा काढला, आंघोळ करून ओल्या केसांनी बसते, सर्दी झालीय मला. आता काय पाण्यात बसून काम करू?"

मास्तर स्वयंपाकघरात गेले. चहा झाला होता, तो त्यांनी स्टीलच्या पेल्यांत आणला. वहिनींनी बसल्या जागेवरून एक पेला उचलून माझ्यापुढे केला, मी खिडकीच्या लोखंडी चौकटीला धरून उभा होतो, दुसऱ्या हाताने तो घ्यायला बोट लावलं, आणि चट्ट. दोघांनाही. चहा टेबलावर, तपासायच्या पेटीवर, माझ्या विजारीवर.

"अहो वहिनी, मारायचं असेल तर सांगून मारा," मी म्हणालो.

पण मास्तर चहाकडे बघत नव्हते. ते वहिनींच्या मनगटाकडे बघत होते.

"पट्टा हातात आहे?"

"दिसत नाही का?"

"मग चटका बसूच शकत नाही. यांचा हात लोखंडी चौकटीवर होता, यांच्या अंगावरचा भार भिंतीत गेलेला. पट्टा जमिनीला जोडलेला असेल तर तुझ्या अंगावर भार राहणारच नाही. अगं, पट्टा हातात असताना ठिणगी येतेय, म्हणजे वायर कुठेच जात नाहीये."

आम्ही तिघं खिडकीत वाकलो. वायर नीट होती. स्क्रू घट्ट होता. धातूची पट्टी चकचकीत होती, पाइपाला मस्त आवळलेली. मास्तरांनी चमचा घेऊन पट्टीच्या वर पाइपावर वाजवला. ठण् व्हायला हवं होतं. ढप् झालं.

मास्तरांनी चमच्याच्या टोकाने पाइप खरवडला. भिंतीच्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि खालून राखाडी प्लास्टिक दिसलं.

आम्हा तिघांना एकदमच आठवलं. तो जुना बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा पाइप गळायचा, वहिनींच्या खोलीची भिंत बारा महिने ओली, पोपडे धरलेली. दोन वर्षं वहिनींनी इमारतीच्या प्रत्येक बैठकीत त्या पाइपावरून आवाज उठवला होता. घरोघर सह्या मागत फिरल्या. माझी सही तर त्यांनी मी जेवत असताना घेतली. शेवटी थंडीच्या तोंडाला नळकाम करणारा आला, पाइप बदलला, रंगवला. जाताना तो वहिनींना म्हणाला होता, "ताई, तुमची ती पट्टी काढावी लागली होती, पण परत होती तिथेच बसवून दिलीय, चांगली घासूनपुसून." वहिनींनी त्या भल्या माणसाला चहा पाजला होता आणि आठवडाभर आम्हाला ऐकवलं होतं की कामाची माणसं अशी असतात.

"आणि ती ओल," मास्तर हळूच म्हणाले. त्यांना राहवलं नाही. "भिंत ओली होती म्हणून खोलीची हवा दमट होती. ती पण सुकली. म्हणजे तू एकाच वेळी दोन्ही..."

"पुरे," वहिनी म्हणाल्या.

त्या खाली बसल्या. हातातला पट्टा सोडला, परत बांधला, परत सोडला. मला वाटलं कारण सापडलं, आता मोकळ्या होतील. मी तसं म्हणालोही. संध्याकाळी वीजवाला बोलावू, जमिनीत नीट सळई ठोकून वायर खाली नेऊ, संपलं.

"काय संपलं?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी ड्रॉवरमधून नोंदवही काढली आणि पाइप बदलल्याच्या तारखेपासून बोट फिरवत खाली आल्या. "एक्केचाळीस. एक्केचाळीस यंत्रं गेलीत इथून. लोकांच्या कानांत आहेत."

"तीनच तर बिघडली," मी म्हणालो.

"चिप दर वेळी लगेच मरत नाही, भावजी. अर्धी मरते. तपासताना बोलते, आणि महिन्याने, दोन महिन्यांनी कुणीतरी रस्ता ओलांडत असताना गप्प होते."

मास्तरांनी घसा साफ केला. "अगं, पण आत्ता सांगितलंस तर तो काम काढूनच घेईल. सळई ठोकू. पुढची नीट जातील. जी परत येतील ती फुकट करून दे."

खरं सांगायचं तर मीही तेच म्हणालो. शेजारी कशासाठी असतात, गप्प बसायचा सल्ला द्यायला, आणि तो मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला देत होतो. वहिनींनी आमच्याकडे असं बघितलं, की आम्ही दोघंही टेबलावरचा चहा पुसायला लागलो.

त्यांनी फोन लावला. पाइप, प्लास्टिक, पट्टी, एक्केचाळीस, सगळं सरळ सांगितलं. आपणच पाइप बदलायला लावला हेही सांगितलं, जे सांगायची काही गरज नव्हती. तपासनिसाने आकडा पुन्हा विचारून लिहून घेतला.

"सगळी परत मागवतो," तो शेवटी म्हणाला. "लोक शिव्या देतील मला. तोपर्यंत नवीन काही पाठवत नाही."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर बघू, बाई."

वहिनी "बरं" म्हणाल्या. फोन ठेवून त्या स्वतःवरच इतक्या चिडल्या, की मास्तरांनी त्या दिवशी स्वेटर न सांगता जिन्यात काढला.

सळई ठोकली गेली. गालिचा अजून माझ्याकडेच आहे. चार दिवसांनी परत मागवलेल्या यंत्रांचं एक मोठं खोकं आलं, आणि कुठून कुणास ठाऊक, त्यांचा नंबर मिळवून लोकांचे फोनही यायला लागले. एक आजी रोज फोन करून विचारायच्या की यंत्र कधी मिळेल, आणि उत्तर ऐकू येत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा करायच्या. वहिनी रोज तेवढ्याच जोरात ओरडून सांगायच्या आणि फोन ठेवल्यावर कपाळ टेबलाला टेकायच्या.

अर्धमेली चिप वरून ओळखू येत नाही, म्हणून त्यांनी सगळ्याच बदलायचं ठरवलं. मी एका दुपारी डोकावलो. वहिनींनी भिंगावरून नजर उचलली नाही.

"भावजी, दार लावून घ्या. गप्पा मारायच्या असतील तर एक्केचाळिसावं झालं की या."

"आत्ता कितवं चाललंय?"

"सातवं," त्या म्हणाल्या, आणि चिमट्यातली चिप निसटून फरशीवर पडली.