आमच्या ह्यांचा महाभियोग

चंदनसारच्या आमच्या बिल्डिंगचा सार्वजनिक गणपती माघात बसतो. भाद्रपदात बसवायचा कोणासाठी? अर्धीअधिक बिल्डिंग कोकणातली, चतुर्थीला सगळ्या दारांना कुलपं. म्हणून आमचा माघी, पाच दिवसांचा, खाली पार्किंगमध्ये. आमचे हे एके काळी त्या मंडळाचे अध्यक्ष होते, आणि बिल्डिंगने भर सभेत हात वर करून त्यांना काढून टाकलं होतं.

कारण सांगते. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी भटजी दुसरीकडे अडकले, म्हणून ह्यांनीच आरती केली. ह्यांच्या गावच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशीच्या आरतीनंतर जन्मभर ह्यांनी एकच केलेलं: अक्षता वाहायच्या, ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणायचं आणि मूर्ती जागची किंचित हलवायची. मूर्ती हलली की देव निघाले, मग विसर्जनावाचून गत्यंतर नाही. पार्किंगमध्येही हात सवयीने पुढे गेले आणि मूर्ती हलली. भटजींना फोन लावला, तर ते म्हणाले, “हलवलीत ना? मग आता ठेवता येणार नाही.” संध्याकाळी तलावावर विसर्जन झालं. हळदीकुंकू, सत्यनारायण, मुलांचे नाच, सगळं राहिलं. आमचीच लेक कोळणीच्या वेषात जिन्यात बसून रडत होती. पुढच्या रविवारी सभा बोलावली आणि ह्यांना नारळ दिला.

तेव्हापासून माघात हे खाली येईनात. ह्यांचा आवाज असा खणखणीत की पूर्वी हे आरती म्हणायला लागले की लोक हातातला चहा तसाच ठेवून खाली यायचे. आता तोच माणूस गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींआड उभा राहून नुसते ओठ हलवायचा. मला ते बघवत नसे. वाईट वाटलं की मी चिडते, हा माझा स्वभाव. मग मी त्या चादरीच ओल्या असल्या तरी ओढून काढायची.

यंदा गणपतीच्या तयारीच्या सभेला पंधरा दिवस होते, आम्ही पोहे खात होतो तेव्हा टीव्हीवर बातमी लागली. अमेरिकेच्या संसदेत एका राष्ट्राध्यक्षांवर पूर्वी झालेला महाभियोग रेकॉर्डवरून पुसून टाकावा, असा ठराव काही सदस्यांनी मांडला म्हणे. जणू तो झालाच नव्हता. ह्यांचा चमचा अर्ध्यावर थांबला.

“असं करता येतं?” हे म्हणाले.

“त्यांना येतं तर आपल्याला का नाही?” मी म्हटलं. तिकडच्या साहेबांची तर महाभियोग होऊनही खुर्ची शाबूत राहिली होती. आमच्या ह्यांची खुर्ची गेली, वर बोभाटाही झाला. मग कोणाचा हक्क मोठा?

रविवारी सकाळी सभेत मी उठून ठराव मांडला: ह्यांना काढलं तो ठराव रद्द करावा आणि तो झालाच नव्हता असं समजावं. आवाज मुद्दामच चढा लावला होता.

सध्याचे अध्यक्ष बँकेतले, साताऱ्याकडचे. ते एकदम कावरेबावरे झाले. “वहिनी, ह्यांना काढलंच नव्हतं असं ठरलं, तर मग इतकी वर्षं मी कोण?”

“पाहुणे कलाकार!” मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजात शिकवणारा शेजारी म्हणाला, “वहिनी, पुसता येतं की नाही यावर अमेरिकेतच अजून वाद चालू आहे.”

“मग त्यांच्या आधी आपण करून दाखवू,” मी म्हटलं.

मंडळाच्या सचिव म्हणजे तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. अख्खी बिल्डिंग त्यांना बाई म्हणते आणि टरकून असते. त्यांनी चष्मा काढला. “पुसल्याने काय होणार? तळ्यातून बाप्पा परत येणार? मुलांचे राहिलेले नाच होणार?”

“बाप्पांनी कधीच माफ केलंय, बाई. तुमचंच काय ते राहिलंय!” मी म्हटलं.

तेवढ्यात खांबामागून हे उठले. “बाई बरोबर बोलतायत. पुसू नका. मूर्ती मीच हलवली होती. मला अध्यक्षपद नको. आरतीला खाली यायचंय, एवढंच.”

मला असा संताप आला! पंधरवडाभर घरोघरी चहा पिऊन मी मतं जमवली, आणि ह्या माणसाने एका वाक्यात सगळ्यावर पाणी फिरवलं.

बाई मात्र ह्यांच्याकडे बघतच राहिल्या. “अहो, खाली यायला तुम्हाला अडवलं कोणी होतं? आम्हाला वाटायचं, तुम्ही रागावलात.”

कोणीच अडवलं नव्हतं. हे लाजेने वर, आणि सगळे संकोचाने खाली. आधी अध्यक्ष हसले, मग बाई, मग मीसुद्धा. राग कुठे गेला कळलंच नाही. जुना ठराव तसाच ठेवायचं ठरलं. त्याखाली नवा लिहिला: यंदा रोजची आरती आणि पाचव्या दिवशीची उत्तरपूजा ह्यांच्या हातून व्हावी. एकमताने मंजूर.

दुसऱ्या दिवशीच्या आरतीला तबक अध्यक्षांकडे देऊन हे दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभे राहिले. पोरं खुसुखुसू हसत होती, पण आवाज असा लागला की शेजारच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले.

पाचव्या दिवशी ह्यांनी अक्षता वाहिल्या. हात मूर्तीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. शेजारी भटजी होते, मी होते, पण हे वळले ते बाईंकडे.

“हलवू ना?”

“अहो, हलवा आता!” बाई म्हणाल्या, आणि मग अख्खं पार्किंग ओरडलं, “हलवा!” माझे डोळे भरून आले होते, तरी सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडत होते.