बोगद्याच्या अलीकडची तूरिड

तूरिड हाउगलँडची बस उशिरा आली, तर बेटावरचे लोक तिला बोल लावत नसत. रस्त्यात मेंढ्या आडव्या आल्या असतील, असं म्हणून गप्प उभे राहत. मुलगी इंगविल्ड शाळेत जायला लागली तेव्हापासून तूरिड बस चालवत होती. अंगाने भक्कम, आवाज खणखणीत. म्हातारी बोर्गहिल्ड औषधांची पिशवी बसमध्ये विसरली, तर तिच्या दारापुढे बस थांबवून पिशवी हातात देणारी बाई. बर्फ असो, वादळ असो, स्टीअरिंगवरचा तिचा हात कधी थरथरला नव्हता.

तो थरथरला समुद्राखालच्या बोगद्यात.

नोव्हेंबरातली दुपार होती. बेटाहून शहराकडे जाताना बोगदा खाली खाली उतरतो आणि अगदी तळातून चढ सुरू होतो. नेमका तिथे पुढचा ट्रक बंद पडला. दुसरं काही झालं नाही. आग नाही, धूर नाही. प्रवासी मोबाइल बघत बसले. तूरिडच्या मनात मात्र एवढंच आलं की आपल्या डोक्यावर अख्खा समुद्र आहे. इतकी वर्षं तो तिथेच होता, पण त्या दिवशी तिला त्याचं वजन जाणवलं. छाती धडधडू लागली, बोटं बधिर झाली, श्वास घशातच अडकला. आता आपण मरणार आणि मागे ही भरलेली बस, एवढंच तिला कळत होतं. ट्रक हलला. तिने बस बाहेर काढली, स्टॉपवर एकेकाला नीट उतरवलं आणि मग स्टीअरिंगवर डोकं टेकलं.

इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाला, "हृदय घोड्यासारखं आहे तुझं. याला भीतीचा झटका म्हणतात. मानसोपचारवाल्या कुणाशी तरी बोललीस तर बरं."

"मी वेडी नाहीये," तूरिड म्हणाली.

"तसं मी म्हटलंच नाही."

त्या दिवशी नवऱ्याच्या गाडीत, डोळे गच्च मिटून, ती बेटावर परतली. त्यानंतर बोगदा ओलांडून गेलीच नाही. कामावर हॉल्वर या दुसऱ्या ड्रायव्हरशी तिने मार्ग बदलून घेतला. शहराची फेरी त्याला आणि बेटाच्या आतली फेरी हिला. विचारणाऱ्यांना सांगे, "आता वय झालं, शहराची गर्दी नको वाटते." बोगदा झाला तेव्हाच फेरीबोट बंद पडली होती, त्यामुळे शहरात जायला दुसरी वाटच नव्हती.

आणि शहरात इंगविल्ड राहत होती. मार्चमध्ये तिला मुलगा झाला.

आधी तूरिडला सर्दी झाली. मग खोकला झाला. मग बाळाला काही लागायला नको म्हणून थांबलेलं बरं, असं ठरलं. तिने विणलेले मोजे, टोप्या, स्वेटर घेऊन नवरा योस्टाइन एकटाच जायचा आणि फोनमध्ये फोटो काढून आणायचा. ती ते फोटो बोटांनी मोठे करकरून बघायची.

एके दिवशी इंगविल्डचा फोन आला. आवाज सपाट होता. "आई, एकदाच विचारते. तुमच्या शेजारी घर बांधायला दिलेली जागा आम्ही नको म्हटली, त्याचा राग आहे का हा?"

"कसला राग? काहीतरीच बोलतेस."

"मग माझ्या बाळाला बघायला तू का येत नाहीस?"

तूरिडला खरं सांगता आलं नाही. ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात बघू." पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

योस्टाइन टेबलाशी बसून ब्रेडवर तपकिरी चीजचे काप ठेवत होता. समुद्रातल्या सामन माशांच्या पिंजऱ्यांवर बोटीने कामाला जाणारा हा माणूस असा की त्याच्याकडून बोलणं विकत घ्यावं लागे. त्याने चीजचा चाकू बाजूला ठेवला.

"तूरिड, मी मागे दर गुरुवारी दाताच्या डॉक्टरकडे जायचो, आठवतं?"

"आता दातांचं काय मध्येच?"

"माझे दात ठणठणीत होते."

तिने हातातली बशी सिंकमध्ये ठेवली.

"आमची कामाची बोट उलटली होती ना, त्यानंतरचं सांगतोय," तो म्हणाला. "मी वाचलो, सगळे वाचले, तरी मला झोप लागेना. तेव्हा एका माणसाकडे जायचो. बोलायला."

"तू? बोलायला?" तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "माझ्याशी नाही बोललास ते?"

"तुझ्याशी बोललो असतो तर तू मला धीर दिला असतास. मला धीर नको होता. कुणीतरी नुसतं ऐकायला हवं होतं."

हे तिला लागलं. थोडा वेळ ती सिंकमधली भांडी उगाच खडखडवत राहिली. मग पाठ न वळवताच तिने विचारलं, "काय करतात तिथे?"

"पहिल्या वेळी मी खिडकीतल्या कुंडीकडे बघत बसलो. तो काही विचारायचा, मी म्हणायचो, माहीत नाही. दुसऱ्या वेळी थोडं माहीत झालं. घरी आलो की लाकडं फोडल्यासारखा थकायचो. कधी वाटायचं, याच्यापेक्षा न गेलेलं बरं. मग एक दिवस झोप लागली."

"आणि मला नाही जमलं तर?"

"मग सोड. नाहीतर दुसऱ्या कुणाकडे जा. बूटसुद्धा आपण घालून बघतो."

बेटाच्या आरोग्य केंद्रात एक मानसोपचारतज्ज्ञ बाई येत असे. तूरिडने फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. भेट मिळाली, पण वाट बघायची जागा दंतवैद्याची आणि या बाईंची एकच. त्या बाकावर बरोब्बर बोर्गहिल्ड बसलेली. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या बेटाला ठाऊक.

"काय गं, दाढ दुखते का?" बोर्गहिल्डने विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. पण दातांच्या याच खोट्यामागे नवऱ्याने किती गुरुवार काढले, ते तूरिडला आठवलं. "नाही," ती म्हणाली. "बोगद्याची भीती वाटते. त्यासाठी आलेय."

बोर्गहिल्डने पर्स एका मांडीवरून दुसरीवर घेतली. "मला लिफ्टची वाटते. म्हणून बहिणीकडे गेले की मी पाच मजले चढते आणि तिला सांगते, व्यायाम करतेय." मग हळूच म्हणाली, "तुझं काय होतं ते मला सांग हं."

मानसोपचारतज्ज्ञ सिल्ये इंगविल्डच्याच वयाची निघाली. तूरिडला वाटलं होतं, आडवं झोपवतील, लहानपण उकरतील, आईबद्दल वाईट बोलायला लावतील. सिल्येने साधी खुर्ची दिली आणि विचारलं, "ही भीती नसती, तर या आठवड्यात तू काय केलं असतंस?"

तूरिडने तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं. ते इतका वेळ चाललं की तिलाच लाज वाटली. मग तूरिड म्हणाली, "नातवाला मांडीवर घेतलं असतं."

"मग तेच आपलं काम," सिल्ये म्हणाली. "तुझ्या शरीरातली आग लागल्याची घंटा आग नसताना वाजतेय. तू पळालीस की तिला वाटतं, आग खरीच होती. ती घंटा वाजत असताना तिथे थांबायला आपण शिकू. हळूहळू. सोपं असेल असं मी म्हणणार नाही."

"भीती जाईल का?"

"कमी होईल, असं बहुतेकांच्या बाबतीत होतं. अजिबात उरणार नाही, असं वचन मी देत नाही."

आश्चर्य म्हणजे, या उत्तरानेच तूरिडला ती पोरगी आवडली.

आधी दोघी गाडीत बसून बोगद्याच्या तोंडाशी नुसत्याच थांबल्या. पुढे सिल्येने घरचा अभ्यास दिला. योस्टाइनला शेजारी बसवून पहिल्या वळणापर्यंत जायचं, तिथे गाडी वळवायला जागा आहे, तिथून परत यायचं. ते जमलं. मग तूरिडला जोर चढला आणि सिल्येला न विचारता ती एकटीच निघाली. उतारावरच छाती धडधडू लागली. कशीबशी गाडी वळवून ती घामाने निथळत बाहेर आली. पुढच्या भेटीला गेलीच नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय, असं मनाशी म्हणत तिने घर धुऊन काढलं.

सिल्येचा फोन आला. "वाट बघत होते तुझी."

"मी नापास झाले. एकटीच आत गेले आणि झटका आला."

"तू एकटी आत गेलीस, झटका आला, आणि तू जिवंत बाहेर आलीस. नापास कशात झालीस, ते मला येऊन सांग."

तूरिड गेली. त्या दिवशी पहिल्यांदाच ती त्या खोलीत हसली. पुन्हा वळणापासून सुरुवात झाली. नंतर ती हॉल्वरच्या बसमध्ये, त्याच्या मागच्या सीटवर बसून, पहिल्यांदा पार पलीकडे गेली. तळाशी आल्यावर हॉल्वर आरशातून बघून म्हणाला, "उलटी येत असेल तर सांग, ही बस मलाच धुवायची आहे." ती शिवी देण्यात गुंतली आणि चढ संपला. पलीकडच्या स्टॉपवर तिने बाहेरची हवा खाल्ली आणि तशीच परतीच्या बसमध्ये बसली.

जूनमध्ये ती स्वतः गाडी चालवत गेली. योस्टाइन शेजारी होता, नेहमीसारखा गप्प. तळाशी छाती धडधडलीच. तूरिड मोठ्याने म्हणाली, "वाज बाई, वाज. मी काही थांबत नाही." योस्टाइनने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

इंगविल्डने दार उघडलं. तिचा चेहरा अजून आवळलेलाच होता. तूरिडने पायातले बूटसुद्धा काढले नाहीत. दारातच उभी राहून तिने सगळं सांगितलं. बोगदा, ट्रक, खोटी सर्दी, सिल्ये, सगळं.

"इतके महिने मला वाटत होतं, तुला आम्ही नकोसे झालोय," इंगविल्ड म्हणाली. "एका फोनवर सांगता आलं नसतं का गं?"

"नाही आलं. लाज वाटत होती."

"मी बेटावर आले असते, आई. बाळाला घेऊन."

हे तूरिडच्या डोक्यातच आलं नव्हतं. भीतीने डोकं इतकं आखडलं होतं. इंगविल्डचा राग त्या दुपारी पुरता गेला नाही. मध्येच एखादं वाक्य टोचून जायचं, आणि तूरिड ते ऐकून घ्यायची. पण बाळ तिच्या मांडीवर होतं. तिने विणलेली टोपी त्याच्या कानांवर घसरत होती आणि ती सारखी वर करत होती.

निघायच्या वेळी इंगविल्डने विचारलं, "आता परत जाताना वाटेल का गं भीती?"

"वाटेल," तूरिड म्हणाली. "आधी अर्धा कप कॉफी दे. आणि याला अजून जरा वेळ राहू दे इथेच."