साडूंच्या तंबूतला उडणारा माणूस

आमच्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकच इंग्रजी सिनेमा पुरता पाहिला, तोही एकदाच. पण त्या एका सिनेमानं केज तालुक्यातली जितकी माणसं दमवली तितकी उन्हाळ्यानंही दमवली नसतील. दमलेल्यांत पहिला नंबर माझा. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. लग्न ठरवताना मुलगी दाखवतात, घर दाखवतात, साडू कोणी दाखवत नाही. तो नंतर कळतो, आणि कळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. नांदूरघाटला त्यांचं किराण्याचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बंडी, आणि डोक्यावर नव्यानंच आलेल्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबताहेत, असे ते गल्ल्यामागं मांडी घालून बसलेले असत. गाव त्यांना अप्पा म्हणे. गिऱ्हाईक डाळ मागायला आलं की ते तागडी उचलत, आणि तेवढ्यात त्यांना तो उडणारा माणूस आठवे. फुटलेलं धरण त्यानं पाठीनं कसं अडवलं हे दाखवायला ते तागडीसकट मागं वळत, आणि डाळ सगळी पोत्यांवर. एकदा एक म्हातारी वैतागून म्हणाली, "अप्पा, तुझा मानूस उडू दे बापा, पर माझी डाळ खाली उतरव."

त्या सिनेमाचं नाव कोणालाच नीट माहीत नव्हतं. हिंदीत बोलणारा इंग्रजी सिनेमा होता तो. महादेवाच्या जत्रेत तंबू टॉकीजवाल्यानं पाटीवर नुसतं 'उडणारा माणूस' असं रंगवून घेतलं होतं आणि खाली पिवळा झगा घातलेला एक पैलवान काढला होता, ज्याचा चेहरा आमच्या सरपंचासारखा आला होता. त्या वर्षी गर्दी इतकी की टॉकीजवाल्यानं दोन तंबू ठोकलेले, एक देवळाच्या मैदानात आणि दुसरा ओढ्यापलीकडं. सिनेमाच्या रिळांची पेटी मात्र एकच. आमच्या बायका बांगड्यांच्या दुकानांकडं गेल्या आणि आम्ही दोघे साडू सिनेमाला निघालो. मैदानातल्या तंबूत एकाचीच जागा उरली होती. साडू मोठ्या मनानं म्हणाले, "तुमी बसा मास्तर, मी पलीकडं जातो. पिक्चर तर तीच हाय." आज वाटतं, त्या क्षणी मी त्यांचा हात धरून त्यांना मौतका कुआँ बघायला घेऊन गेलो असतो तर माझी पुढची वर्षं सुखात गेली असती.

मी पाहिलेली गोष्ट साधी होती. बर्फातल्या एका खेड्यात एक पाव भाजणारा असतो, त्याला एक मुलगा. मुलावर वीज पडते आणि त्याला उडता यायला लागतं. मोठा झाल्यावर त्याला शहरात जायचं असतं, बाप नको म्हणतो, दोघांचं कडाक्याचं भांडण होतं आणि मुलगा निघून जातो. बाप मागं मरतो. मुलगा पोचतो तेव्हा थडगं बांधून झालेलं असतं. मग तो रडतो, शहरात जाऊन धरण अडवतो, आगगाडी उचलतो, दुष्टाला आपटतो आणि शेवटी आभाळात उडून जातो. समाप्त. बाहेर येऊन उसाचा रस पिताना मी सहज म्हणालो, "बापाचं वाईट झालं." साडू माझ्याकडं बघतच राहिले. "कुनाच्या बापाचं? मास्तर, तुमी झोपलता का? बाप तर उठून बसला की!"

उलगडा दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर झाला. टॉकीजवाला स्वतःच बशीत चहा ओतत होता. मी विचारलं तर तो जराही न लाजता म्हणाला, "दोन्हीकडं एकाच टायमाला खेळ सुरू करायचा म्हन्ल्यावर काय करनार गुरुजी? इकडं पयल्या रिळापासनं लावतो, तिकडं शेवटल्यापासनं. माझा भाऊ लुनावर रिळं इकडची तिकडं करतो. मधी गाठ पडती. कुनी तिकीट परत मागितलं का?" कोणी मागितलं नव्हतं, हे खरं. ओढ्यापलीकडं पहिल्या रिळातच 'समाप्त' आलं तेव्हा चारदोन माणसं धोतर झटकत उठली होती, पण दारावरचा माणूस "बसा बसा, अजून लई हाय" म्हणाला आणि ती बसली. अशा रीतीनं आमच्या साडूंनी असा सिनेमा पाहिला की ज्यात एक माणूस आधी आभाळात उडतो, मग जग वाचवतो, मग बापाच्या थडग्यावर ओक्साबोक्शी रडतो, त्या रडण्यानं बाप जिवंत होतो, दोघं कडकडून भांडतात तरीही पुढच्या रिळात पोरगं घरातच असतं, हळूहळू त्याचं उडणं सुटतं, आणि अगदी शेवटी ते एवढंसं होऊन बापाच्या मांडीवर बसून गरम पाव खातं. साडू त्याला भाकरी म्हणत.

मी त्यांना रिळांची भानगड समजावली. एकदा नाही, दर भेटीला समजावली, पाटीवर खडूनं चौकोन काढून समजावली. शाळेत अपूर्णांक शिकवताना माझा एवढा घसा कधी बसला नाही. ते शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "म्हंजे तुमच्या तंबूत उलटं लावलं व्हतं. लई वाईट झालं बगा तुमचं." माझी कीव करायचे हो! बायकोच्या माहेरी माझी ओळखच अशी झाली की यांना जत्रेत सिनेमा उलटा दाखवला.

पुढं गावात डिश आली, वायरी या घराच्या धाब्यावरून त्या घराच्या धाब्यावर गेल्या, आणि परदेशातल्या नाना तऱ्हेच्या शक्तिमान माणसांनी हिंदीत बोलत नांदूरघाटात प्रवेश केला. साडूंनी प्रत्येकाला थोडा थोडा वेळ दिला आणि प्रत्येकाला नापास केलं. त्यांची कसोटी एकच होती. "उडायला काय लागतंय? वावटळीत कागदबी उडतो. ह्यो उतरतो का ते सांगा," असं ते म्हणत. कोणी म्हणालं की अमका गोळ्या झेलतो, तर ते विचारत, "आन् मग घरी जातो का?" नाही म्हटलं की खेळ खलास. साडूंच्या पुतणीला गेवराईचं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, शेती बागायती, सगळं ठरल्यात जमा. साडूंनी त्याला पोहे खाताना विचारलं की तुम्हाला असल्या पिक्चरमधली कोणती आवडते. त्यानं बिचाऱ्यानं एका मुखवटेवाल्याचं नाव घेतलं. साडूंनी बशी खाली ठेवली. "तोंड झाकून फिरनाऱ्याचा काय भरवसा?" म्हणाले, आणि ते लग्न जुळवायला आम्हाला पुन्हा तीन खेटे घालावे लागले. आमच्या सासऱ्यांना माती दिली त्या दिवशी लिंबाखाली सगळे गप्प बसलेले असताना त्यांनी माझ्या कानाशी येऊन उसासा सोडला, "आपल्या पिक्चरमदी असतं तर मामा उठून बसले असते." मला हसावं की रडावं कळेना. मी नुसताच दमलो.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली, तीही बायकोनं आणून दिली म्हणून. सुरुवातीला साडू धरणाचं सांगत, आगगाडीचं सांगत. नंतर नंतर ते फक्त शेवटच्या रिळाचं सांगायला लागले. त्यांचा एकुलता मुलगा, आमचा भाचा, पुण्याकडं निघालेल्या नव्या कारखान्यात नोकरीला जातो म्हणत होता. साडूंना तो दुकानात हवा होता. दुकानातच, गिऱ्हाइकांसमोर, बाप-लेकाची जुंपली आणि साडू बोलून गेले, "ही पायरी उतरलास तर परत चढू नको." पोरगं बापाच्याच वळणाचं. उतरलं. त्यानंतर दिवाळी आली, जत्रा आली, ते आलं नाही. साडूंनी दुकानाच्या कोपऱ्यात फोनची काचेची खोली करून घेतली ती धंद्यासाठी असं ते सांगत. महिन्या दोन महिन्यांनी तिथं फोन वाजायचा. साडू उचलायचे, पलीकडून "आई हाय का?" एवढंच यायचं, आणि ते एक अक्षर न बोलता आत हाक मारायचे. आक्का, म्हणजे माझ्या मेहुणीबाई, बोलत असेतोवर ते काचेबाहेर उभे. आक्का बाहेर आल्या की म्हणायचे, "काय म्हनला?" "बरा हाय." "बरं." मग जो कोणी समोर असेल त्याला धरून ते सिनेमा सांगायला बसायचे. "ते पिक्चरचं बोलतेत असं वाटतंय का तुम्हाला?" बायको मला म्हणाली. मला तसंच वाटत होतं. मास्तरकीत माणूस शब्दाला फार धरून बसतो.

आणि अशात एके दिवशी बातमी आली की रविवारी दुपारी तोच सिनेमा टीव्हीवर लागणार आहे. केबलवाल्या पोरानं जाहिरातीत धरणाला पाठ लावणारा माणूस ओळखला आणि गावभर करून टाकलं. मास्तर खरे की अप्पा खरे, एकदाचा निकाल लागणार. मी केजहून एसटीत उभ्यानं गेलो. बायकोनं विचारलं होतं, "जिंकून काय मिळणार तुम्हाला?" मी म्हणालो, झोप. नांदूरघाटला साडूंच्या ओसरीवर निम्मं गाव बसलेलं. साडू धुतलेलं धोतर नेसून, ताजं भस्म लावून पुढच्या पाटावर बसलेले. चहा द्यायच्या निमित्तानं आक्का माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मास्तर, आज तेवढं भांडू नका ना त्यांच्याशी. फोन येऊन लई दिवस झालेत." माझी जिंकायची सगळी हौस तिथंच विरली. पण आता सिनेमा थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

सिनेमा सुरू झाला. बर्फ, खेडं, भट्टी. एवढंसं पोरगं बापाच्या मांडीवर. बाप गरम पाव मोडतो, फुंकर घालतो, त्याला भरवतो. ओसरीवर एकच कल्ला झाला. "बघ बे, मास्तरचंच खरं निघालं! सुरवातीलाच हाय बे ते!" कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. सगळे साडूंकडं वळून बघायला लागले. साडूंना त्याचा पत्ताच नव्हता. ते पुढं वाकून त्या दोघांकडं बघत होते, आणि पडद्यावरच्या बापानं पोराचं तोंड पुसलं तेव्हा त्यांचा हात आपोआप धोतराच्या सोग्याकडं गेला. तेवढ्यात साबणाची जाहिरात लागली. साडू उठले, गुडघे धरून टीव्हीपर्यंत गेले आणि त्यांनी बटण दाबलं.

"झाली पिक्चर. जावा आता घरला."

"ओ अप्पा, आत्ता तर सुरू झाली!"

"आमची एवढीच हाय."

पोरं कुरकुरत दुसऱ्याच्या ओसरीवर पळाली. पुढं काय काय दाखवणार ते मला माहीत होतं, आणि मला वाटतं त्यांनाही माहीत होतं. इतकी वर्षं मीच तर सांगत आलो होतो. भांडण येणार, थडगं येणार. मी हरलो असं म्हणायचं माझ्या मनात होतं. त्यांनीच विषय काढला नाही. आक्कांनी ज्वारीची भाकरी आणि आमटी वाढली, आम्ही जेवलो, आणि साडू मला सोडायला स्टँडवर आले. वाटेत ते सिनेमाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि खरं सांगतो, त्या शांततेनं मला जितकं दमवलं तितकं त्यांच्या बडबडीनं कधी दमवलं नव्हतं.

स्टँडवर पोचल्यावर ते एकदम म्हणाले, "मास्तर, तुमच्या तंबूत शेवटी तो वर उडून जातो म्हन्ता."

"हो."

"कुठं जातो?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो उडतो, लहान लहान होत ठिपका होतो, समाप्त. त्याच्यामागं नुसतं आभाळ होतं, दिशाबिशा काही दिसत नव्हती. साडू माझ्या तोंडाकडं बघत उभे होते. शाळेत पोरांच्या तोंडाकडं बघून मी आजवर कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं.

"घरी जातो," मी म्हणालो. "त्या बर्फाच्या डोंगरांकडंच तोंड असतं त्याचं."

"नीट बगितलंत?"

"नीट."

मग त्यांनी माझा हात धरला, एरवी कधी धरत नसत. "मग एकच झालं की. मग आपून इतकी वर्सं भांडलो कावून?"

माझी केजची गाडी आली. मी चढलो, जागा धरली, खिडकीतून डोकं काढून म्हणालो, "जा आता घरी, साडूभाऊ. ऊन आहे."

"जातो की," ते म्हणाले. "पुन्याकडनं एक गाडी यायची हाय, तेवढी बगून जातो."