मामांच्या वाटणीची इंग्रजी

अर्धी इंग्रजी पक्की आणि अर्धी अजिबात नाही, असा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एकच झाला असेल, आणि ते आमचे मामा. एपासून एलपर्यंत त्यांना अडवेल असा हैदराबादेत, आमच्या जामबागेत कुणी नव्हता. एम लागला की मात्र ते मुके. मी शाळेसाठी त्यांच्याकडे राहत होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

निजामाच्या कचेरीत मामा उर्दूचे बादशहा. त्यांच्या हातचा मसुदा वाचून भलेभले वकील मान डोलवायचे. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, मुंबईकडचे साहेब आले, कारभार इंग्रजीत सुरू झाला आणि हुकूम निघाला, इंग्रजीची परीक्षा द्या, नाहीतर घरी बसा. मामांच्याच मेजाशी, त्यांच्या शेजारी तरुणपणापासून मीरसाहेब बसत. दोघांचीही पन्नाशी जवळ आलेली. लहानपणी एकाच मौलवींनी दोघांकडून फारसीचा कोश घोकून घेतला होता, तेव्हा इंग्रजीही तशीच, पहिल्या पानापासून पाठ करायची, याबद्दल त्यांना शंका नव्हती. अडचण एवढीच की कोश भलताच जाड. तोड मीरसाहेबांनी काढली.

"रावसाब, आधी तुम याद करो, आधी मैं करतौं. मेज तो एकीच है ना!"

झालं, इंग्रजीची निम्मी-निम्मी वाटणी झाली. एलपर्यंतची मामांची, एमपासून पुढची मीरसाहेबांची.

ज्या शब्दांची पहिली अक्षरं सारखी ते सगळे एका घरचे, असं मामांचं ठाम मत. "आडनाव एक, स्वभाव निराळे. कन्सील लपवतो, कन्फेस कबूल करतो, कन्सोल येऊन दोघांची समजूत काढतो. आपल्या घरात बी हेच चालू असतंय की!" कॅबेज म्हणजे कोबी आणि कॅबिनेट म्हणजे मंत्रिमंडळ हे एकाच पानावर सापडलं, त्या दिवशी त्यांना हसू आवरेना. मामींनी नेमकी कोबीचीच भाजी केली होती. मामांनी पानावर बसल्या बसल्या सगळी खाती वाटून टाकली आणि मामींना अर्थखातं दिलं. कचेरीत तर जुगलबंदीच चाले. साहेबांनी एखादी फाइल मागितली की मामा उठून "फाइल" एवढंच म्हणत आणि मीरसाहेब बसल्या जागेवरून "मिसिंग" म्हणून वाक्य पुरं करत. साहेबही हसत. दोघं मिळून परीक्षा देता आली असती तर पहिले आले असते.

पण मीरसाहेबांची मुलं कराचीला गेली, आणि मग त्यांनाही जावं लागलं. नामपल्ली स्टेशनवर मामांचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "इम्तिहान से पैले आ जातौं मैं." मामांनी ते खरं धरलं. स्टेशनवरच्या कुठल्याच माणसाने धरलं नसतं.

परीक्षा जवळ आली तशा मामी काकुळतीला आल्या. "अहो, तेवढं पुढचं बी करून टाका की. नोकरीचा सवाल आहे. मीरसाब काय आता येत नाहीत."

"त्यांच्या हिश्श्याला हात लावायचा नाही," मामा म्हणाले. "आले म्हणजे मी काय सांगू? तुमची वाट नाही बघितली म्हणून?"

मला त्यांचा भयंकर राग आला होता. घर त्या पगारावर चाललेलं, आणि हे हट्टाला पेटलेले. परीक्षेत त्यांनी मीरसाहेबांच्या वाटणीच्या प्रत्येक शब्दाची जागा कोरी सोडली आणि पेपर देऊन आले. साहेब भले, त्यांनी पुन्हा बसायला सांगितलं. मामा बसले नाहीत. ज्या कचेरीत त्यांच्या मसुद्यांचा दबदबा होता, तिथून ते वेळेआधीच निवृत्त होऊन घरी आले. कराचीहून काही पत्रं आली, मग तीही थांबली. मामांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त संध्याकाळी ते एकटेच फिरायला जात, आणि ते बघताना माझा सगळा राग विरघळून नुसतं वाईट वाटत राही.

पुढं मी कॉलेजात गेले. एकदा पडवीत बसून 'रि'नं सुरू होणारे शब्द मोठ्यानं घोकत होते. रिग्रेट, रिमेन, रिमेंबर, रिटर्न. मामा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. इतक्या वर्षांत एमपासून पुढचा एकही अर्थ त्यांनी कुणाला विचारला नव्हता.

"रिटर्न म्हणजे काय ग?"

"परत येणं, मामा."



"हा त्यांच्या वाटणीचा," मामा म्हणाले. "त्यांना पाठ असेल."