मंद्रूपचं रानतळं आणि मायाप्पाची पाठ

वर्षभर मी सोलापुरात पोटासाठी माणसांची तोंडं टिपतो. लग्नातली, बारशातली, आणि घरातलं कुणी गेलं की जुन्या घोळक्याच्या फोटोतून त्याचं एकट्याचं तोंड मोठं करून देतो. म्हणून दर मार्गशीर्षात एक दिवस स्टुडिओला कुलूप लावायचं आणि मंद्रूपच्या पुढच्या रानतळ्याचा फोटो काढायला जायचं, हा माझा सात वर्षांचा नेम. बाभूळ तीच, कोन तोच. बायको म्हणते, तळ्याचं काय दरवर्षी लग्न निघतं का? यंदा निघताना पिशवीत एक पाकीट जास्त होतं. त्यात आजवरचे सातही फोटो होते, मायाप्पाला दाखवायला.

मायाप्पा धनगर पहिल्या वर्षी तिथे मेंढरं पाजायला आला होता. पाणी किती आहे हे फोटोत कळायला काहीतरी माप हवं, म्हणून मी त्याला काठच्या काळ्या खडकाशी उभं केलं, तोंड पाण्याकडे करून. माणूस कॅमेऱ्याकडे बघायला लागला की ताठतो, पापणी लववतो, आणि फोटो पाहणाऱ्याचं लक्ष तळं सोडून त्याच्या तोंडावर जातं. दुसऱ्या वर्षापासून तो आपणहून खडकाशी जाऊन पाठ करून उभा राहू लागला. एका वर्षी पाणी त्याच्या मांडीला लागलं, एका वर्षी पायाखाली नुसता भेगाळलेला गाळ. "माजा फोटू दावा की," असं दरवर्षी म्हणायचा. मी "पुढच्या साली" म्हणून सुटायचो.

कुणाला जायचं असेल तर सांगतो. विजापूर रस्त्याने सर्व्हिस मोटार सकाळी सुटते, माणशी सहा आणे. बाजाराचा दिवस टाळा. काचेच्या प्लेटा आणि कोंबड्या एका बाकावर नांदत नाहीत. मी प्लेटा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतो. ड्रायव्हर दस्तगीरभाई मला पाहून हसले. "क्या मास्टर, फिर वोइच पानी?"

"तेच पाणी नसतं हो," मी म्हटलं.

मंद्रूपहून दोन कोस पायी. काळं रान, गुडघ्याएवढा जोंधळा, वाटेत सावली जवळजवळ नाहीच. पिण्याचं पाणी बरोबर न्या. बाभळीखाली बसून मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. यंदा तळं बेताचं भरलेलं, पलीकडे चार बगळे. कॅमेरा मांडून वाट बघत राहिलो.

मेंढरं आली, पण त्यांच्यामागे एक बाई होती. तिने तीन पायांच्या तिकाटण्यावरचा कॅमेरा पाहिला आणि थांबली.

"फोटूवालं दादा न्हवं तुमी? मी सत्यव्वा. मायाप्पाची कारभारीन."

"मायाप्पा कुठेत?"

"ते न्हाईत आता. सरावनात ताप आला. तीनच दिस."

मी डोक्यावरची टोपी काढली. ती पुढे म्हणाली, "दिवाळीला लेक बाळंत झाली. पोरगा झाला. त्यानं आज्याचं तोंड बघितलं न्हाय. सोलापुरात बारक्या फोटूतनं तोंड मोटं करून देत्यात म्हनं. तुमच्यापाशी यांचं सात फोटू हाईत की. तेवडं करा, दादा."

मी पाकीट तिच्या हातात दिलं. दुसरं करणार काय? तिने पहिला फोटो बराच वेळ पाहिला. मग तो उलटा केला. मागे कोरा कागद. दुसरा पाहिला, तोही उलटा केला. पुढून पाठ दिसते म्हणजे मागच्या बाजूला तोंड असेल, असं तिला वाटलं होतं. अशी ती सातही फोटो उलटून पाहत गेली.

"तोंड कुटं हाय?"

"नाही, मावशी. पाठ करून उभं राहायला मीच सांगायचो."

तिने फोटोतल्या पाठीवरच्या घोंगडीवरून बोट फिरवलं. "हे तेच हाईत. मला वळकाया तोंड कशाला पायजे? म्होरं ते, मदी मेंढरं, मागं मी. जलमभर पाठच बघितली." मग फोटो नीट एकावर एक लावत म्हणाली, "पर पोराला काय दावू?"

गावभरच्या मेलेल्यांची तोंडं मोठी करून देणारा मी, पण याचं तोंड मी एकदाही टिपलं नव्हतं. खडकाकडे बोट करून म्हटलं, "मावशी, तुम्ही तिथे उभ्या राहा. माझ्याकडे तोंड करून."

तिने पदर सावरला, लगबगीने गेली आणि उभी राहिली. आठव्या वर्षी पहिल्यांदाच मी भिंग पाण्यावर न लावता माणसाच्या तोंडावर लावलं. पापणी एकदाही लवली नाही तिची.

घरी आल्यावर तळ्याचं काय झालं असं बायकोने विचारलं. तळं यंदा पुसट येणार, मी म्हटलं. तुम्हीही कॅमेरा घेऊन निघणार असाल तर एवढंच ऐका: तुमच्यासाठी जो उभा राहील त्याला त्याचा फोटो त्याच साली पोचवा.

मायाप्पाचा सगळ्यांत स्वच्छ आलेला फोटो मी जाड पुठ्ठ्यावर चिकटवला आहे. रविवारी मंद्रूपला नेऊन देईन. त्याचं तोंड नाही ते, हे मला ठाऊक आहे. पण पोर मोठं होईल, फोटो हातात घेईल आणि आजीसारखंच उलटून बघेल. म्हणून पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला सत्यव्वाचा फोटो लावला आहे, समोर बघत असलेला.