पहिल्या ओळीतलं नाव

आमचे सर हातांनी कंस करत बोलायचे. सांगता सांगता काही आडवं आठवलं की डावा तळहात चेहऱ्यासमोर उभा राही. कंस उघडला. त्यात आणखी काही आठवलं की तोच हात पुन्हा थोडा पुढे सरके. मग एकेक गोष्ट संपवत उजवा तळहात तितक्याच वेळा उठायचा, आणि सर जिथून सुटले होते नेमक्या त्याच वाक्यावर परत येऊन बसायचे. वर्गातली मुलं बाकाखाली बोटांवर मोजत असत. सर कधी चुकले नाहीत. मुलांनी अर्थातच त्यांचं नाव कंसमामा ठेवलं होतं, आणि ते सरांना ठाऊक होतं. "तुमच्यातला कृष्ण कोण, तेवढं मला आधी सांगून ठेवा," असं ते हजेरी घेताना म्हणायचे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत जयस्तंभाकडून जरा आत, एका कापडदुकानाच्या माडीवर आमचा संगणकवर्ग होता. एकच यंत्र, त्याला एक वेगळी खोली, आणि त्या खोलीबाहेर देवळाबाहेर असाव्यात तशा चपलांच्या रांगा. खारी हवा फ्लॉपीला बाधते म्हणून सर सगळ्या फ्लॉप्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत आणि डब्यात भाजलेल्या तांदळांची पुरचुंडी टाकत. मी गणिताची पदवी घेऊन तिथे नवख्या मुलांना बेसिक नावाची सोपी संगणकभाषा शिकवत होते. सर मुंबईच्या कुठल्याशा संशोधनसंस्थेतून आलेले. तिथून त्यांनी एक भाषा आणली होती, लिस्प. आख्ख्या गावात ती त्यांनी शिकवली एका मलाच.

मला ती पहिल्या दिवशी भाषा वाटलीच नाही. पडदाभर नुसते कंसच कंस. सरांनी खिडकीतली अबोलीची वेणी उचलली. ती माझीच होती, उकाड्याने काढून ठेवलेली. पहिलं फूल वेगळं धरून म्हणाले, "हे पहिलं. आणि ही उरलेली वेणी. उरलेलीचं पुन्हा पहिलं आणि उरलेलं. संपेपर्यंत एवढंच करायचं, बाई. बाकी सगळी भाषा यातच आहे." मी घरी जाईपर्यंत वेणीचा चुरा झाला होता आणि मला ती भाषा कळली होती. त्या दिवशी जो आनंद झाला तसा नंतर फार थोड्या वेळा झाला. हे कबूल करायला आज जड जातं, पण खोटं कशाला बोलू?

प्रोग्रॅम ज्यात लिहायचा त्या एडिटरची शिस्तही त्यांचीच. कंस उघडला की आत काही लिहायच्या आधी तो मिटवायचा, आणि मग मधे शिरायचं. मिटवणारा कंस टाइप केला की कर्सर क्षणभर मागे उडी मारून आपल्या जोडीदाराला शिवून येई. सर तेवढ्याचंही कौतुक करत. काही काढून टाकायचं असलं तरी एकेक अक्षर खोडलेलं त्यांना चालत नसे. कर्सर उघडणाऱ्या कंसावर न्यायचा आणि एक कळ दाबायची, की मिटणाऱ्या कंसापर्यंतचं सगळं एकदम जातं. "अर्धवट काढाल तर बाकीचं कोसळेल," हे त्यांनी मला इतक्यांदा बजावलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

बागेची कल्पना मात्र माझी. आमची जवळच पावस गावी हापूसची कलमं आहेत. आप्पा, म्हणजे माझे वडील, मोहोराकडे बघून जे सांगत ते सहसा खरं ठरे. कधी फवारायचं आणि, त्याहून महत्त्वाचं, कधी नाही. तेच प्रश्नोत्तरांत बांधलं तर? पडदा विचारील, मळभ आहे का, वारा पडलाय का, पानाला हात लावल्यावर चिकट लागतं का. बागायतदार हो किंवा नाही म्हणेल, आणि पडदा सांगेल, आज फवारा मारा किंवा थांबा. सर ऐकता ऐकता खुर्चीवरून उठलेच.

आप्पांकडून काही काढून घेणं सोपं नव्हतं. आमच्याकडचा बागायतदार पाहुण्याला पोटभर आंबे खायला घालील, पण मोहोर कसा राखला ते सख्ख्या भावालाही सांगणार नाही. तरी सर एकदा पावसला आले, पडवीत बसून कोकम सरबत प्यायले आणि दोन्ही तळहातांनी कंस करत आप्पांशी तासभर बोलले. आप्पा हसले, म्हणजेच बधले. मात्र त्यांनी अट घातली, की यंत्र चालू केलं की आधी नाव यायला हवं.

"माजा नको गो," आप्पा मला म्हणाले. "तात्याचा घाल. कलमा तात्यान लावलीन."

तात्या म्हणजे माझे आजोबा. कातळ फोडून, टोपलीने माती वाहून त्यांनी ती बाग उभी केली होती, आणि त्यांचं नाव सातबाऱ्यापलीकडे कुठेही लिहिलेलं नव्हतं. सरांनी आप्पांचा हात हातात घेतला. "पहिल्या ओळीत तात्यांचं नाव. माझा शब्द," असं ते म्हणाले.

पुढचे सहा-सात महिने दर रविवारी मी आप्पांच्या मागून बागेत फिरले. सोमवारी कागदावर नियम मांडायचा, लाल पेन्सिलीने कंस जुळवायचे, मग यंत्रावर. सर बघत, सुधारत, शाबासकी देत. पण पावसला ते पुन्हा आले नाहीत. पहिली ओळ मी सगळ्यात आधी लिहिली होती. यंत्रात मराठी अक्षरं नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत 'तात्यांच्या बागेतून', आणि खाली बारीकशी आम्हा दोघांची नावं, सरांचं आणि माझं.

दापोलीला बागायतदारांची आणि शेतीतल्या जाणकारांची एक सभा भरायची होती. तिथे हे दाखवायचं ठरलं. सर दोन दिवस आधी डबा घेऊन गेले, मी मागाहून एसटीने. पोचले तेव्हा सभागृह भरलेलं. मागच्या रांगेत जागा मिळाली. सरांनी यंत्र चालू केलं आणि पडद्यावर एकच नाव आलं. सरांचं.

मला वाटलं, पुढच्या ओळीत येईल. मग पहिला प्रश्न आला, झाड गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आत आहे की बाहेर? लोक माना डोलवू लागले. पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, की सुरुवातच गडग्यापासून का? सरांना ते माहीत नव्हतंच. त्यांची नजर मला शोधत मागे आली, आणि मी, सवयीची गुलाम, उठून उत्तर देऊन मोकळी झाले. गडग्याच्या आडोशाला वारा कमी लागतो, तुडतुडे आधी तिथेच बसतात, म्हणून चिकटा आधी तिथल्या पानांवर बघायचा. गृहस्थ खूश झाले. या कोण, असं त्यांनी सरांना विचारलं.

"या आमच्या बाई," सर म्हणाले. "टायपिंगला मदत करतात."

त्या वेळी सरांचे दोन्ही हात खिशात होते.

परतल्यावर मी त्यांना एवढंच विचारलं, की तात्यांचं नाव कुठे गेलं. घाईत उडालं असेल बाई, असं म्हणून ते डब्यातली पुरचुंडी बदलू लागले. मी तीच फ्लॉपी एडिटरमध्ये उघडली. नावाची ओळ उघडत्या कंसापासून मिटत्या कंसापर्यंत सफाईने काढलेली होती. त्यांनी मला शिकवलं होतं अगदी तशी. घाईत गेलं असतं तर कुठेतरी एक कंस लोंबकळत राहिला असता आणि यंत्र अडलं असतं. मला फसवलं याचा राग होताच, पण माझ्या मागोमाग त्यांनी आप्पांनाही फसवलं, आणि कातळ फोडणाऱ्या त्या मेलेल्या माणसालाही. दोन महिन्यांत त्यांना मुंबईत मोठी नोकरी मिळाली. निरोपसमारंभात मी हार घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही.

पण खरी गोष्ट यापुढे आहे. दापोलीहून मी पावसला गेले तेव्हा आप्पा धुतलेला सदरा घालून पडवीत बसले होते.

"इला काय गो नाव?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. पहिल्याच ओळीत, असंही म्हटलं. आप्पा उठले, कलमांत एक फेरी मारून आले, आणि त्या मोसमात पहिली पेटी सरांना पाठवायची असं त्यांनी जाहीर केलं. शब्द पाळणारा माणूस, त्याला पेटी जायलाच हवी.

सर मुंबईला गेल्यावरही पेटी दरवर्षी गेली. आंबे आप्पा स्वतः निवडत, पेंढा स्वतः घालत. पत्ता मी लिहायचा, कारण अक्षर माझं चांगलं. आणि दरवर्षी सरांचं कार्ड येई, आंबे पोचले, उत्तम होते. आप्पा ते कार्ड देवाच्या फळीवर ठेवत. मी एकदाही खरं सांगितलं नाही. आधी त्यांना दुखवायचं नव्हतं म्हणून, आणि नंतर मीही खोटं बोलले होते म्हणून.

आप्पा गेले त्या वर्षी पेटी गेली नाही. जूनमध्ये सरांचं कार्ड आलं, यंदा आंबे दिसले नाहीत, आप्पांची प्रकृती बरी ना? मी मूळ प्रोग्रॅमचा जुना छापील कागद शोधला, दोन्ही कडांना भोकं असलेला, पहिल्या ओळीत तात्यांचं नाव असलेला. तो पाकिटात घातला आणि त्याच चांगल्या अक्षरात पत्ता लिहिला. आत दुसरं काही नव्हतं. त्यानंतर कार्ड आलं नाही.

मी अजून प्रोग्रॅम लिहिते. कंस उघडला की आधी मिटवते आणि मग मधे शिरते. विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला लिहिताच येत नाही.