जुन्या खुणेच्या खाली

शेल हा काळा, पापुद्र्यांचा दगड. फोडला तर आत पोकळी दिसत नाही, तरी त्यात वायू असतो. हे मला डबेवाल्या मावशीने शिकवलं.

वायू शोधायला खोल खणलेल्या विहिरीवर मी पाईप जोडायचो. खोलातून दगडाची कांडी वर आली की मावशी ती उचलून शेडकडे धावायची, डब्यात घालून झाकण आवळायची. वाटेत गेलेलं प्रत्येक मिनिट म्हणजे हवेत गेलेला वायू. पन्नाशीची बाई, पण दुसऱ्या कोणाला कांडीला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, "तुम्ही चालता. हे चालायचं काम नाही."

डबा गरम पाण्याच्या टाकीत ठेवायचा. जमिनीच्या पोटात असते तेवढीच ऊब. झाकणातून निघालेली नळी पाण्याने भरलेल्या, उलट्या ठेवलेल्या काचेच्या भांड्यात. वायू सुटला की भांड्यातलं पाणी खाली उतरायचं. मावशी सुरुवातीला तासातासाला, पुढे दिवसातून दोनदा काचेवर खूण करायची.

बाराव्या दिवशी दुपारी साहेब आले.

"मावशी, सकाळपासून एक बुडबुडा नाही. दगड रिकामा झाला. झाकण काढा, ही विहीर बंद करतोय."

"नाही काढणार."

"का?"

"भेगांतला मोकळा वायू पहिल्या दिवशीच पळाला. उरलाय तो दगडाला आतून चिकटलेला. वरचा दाब गेला की तो सुटतो, पण सावकाश. तुमच्यासारखी घाई नाही त्याला."

"मग बुडबुडे कुठायत? ऐकायचं नसेल तर उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या बघू. आज झाकण माझ्या हाताखाली आहे."

बोलता बोलता ती भांड्याशी वाकली. "वायू संपला असता तर पाणी जागच्या जागी थांबलं असतं. हे तर खुणेच्या वर चढलंय." तिने टाकीत हात घातला. पाणी गार. मग भिंतीकडे पाहिलं. टाकीच्या हीटरच्या जागी माझ्या ग्राइंडरचा प्लग होता. सकाळी पाना घासायला लावला आणि विसरलो.

"कोणाचा पराक्रम?"

"माझा."

"शाबास! वीस वर्षं पाईप आवळतोस, आणि एक प्लग जागेवर ठेवता येत नाही?"

हीटर लावला. दोन तासांनी बुडबुडे सुरू झाले. साहेबांनी वही काढली. "घ्या, तुमचंच खरं. लिहितो, वायू सुटतोय."

मावशीने वहीवर पंजा ठेवला. "खबरदार! हा जुनाच वायू आहे. गारठ्याने आक्रसला होता, आता पसरतोय. पाणी जुन्या खुणेखाली गेल्याशिवाय काही धरायचं नाही."

"अहो, तुमच्याच बाजूने लिहितोय!"

"माझ्या बाजूचं खोटंही खोटंच."

पाणी खुणेपाशी आलं आणि थांबलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे. मावशी उभीच. पाऊण तासाने एक बुडबुडा वर गेला. मग दुसरा. पाणी खुणेच्या केसभर खाली आलं. तिने नवी रेघ मारली.

"आता लिहा. आणि उद्या सातला येतेय मी."

साहेबांनी लिहिलं. विहीर बंद झाली नाही.

झाकण एकतिसाव्या दिवशी निघालं. मावशीनेच काढलं. मग तो दगड कुटला, तेव्हा त्यातूनही थोडा वायू निघाला.